जायचं होतं हिंदुस्थानात, पोचले रंगूनला

फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतल्या सेलम गावी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट पुढे मुंबईला आले आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. अहमदनगरच्या शाळा, ‘ज्ञानोदय’ नियतकालिक हे त्याच मिशनचं काम. पाचांतल्या अडोनिरम जडसन यांची वाट मात्र भलतीकडेच वळली.

जून १८१२ मध्ये जडसन आणि त्यांची पत्नी ॲन कलकत्त्याला पोचले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ झाली की लोक बिथरतात, हा धडा तिने १८०६ च्या वेल्लोरच्या बंडातून घेतला होता. त्यात त्याच महिन्यात अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपलं. हुकूम निघाला, चालते व्हा. दोघं मॉरिशसला गेले, तिथून मद्रासला आले. तिथून थेट इंग्लंडला रवानगी होण्याची भीती होती, म्हणून पेनांगला निसटायचं ठरलं. पण जहाज मिळालं ते रंगूनचं! ब्रह्मदेशाबद्दल जडसन यांनी पूर्वी वाचलं होतं, पण तिथे काम जमायचं नाही असं कलकत्त्यात ऐकल्यावर त्यांनी तो विचार सोडून दिला होता. १३ जुलै १८१३ रोजी ते तिथेच उतरले.

तिथे विल्यम केरी यांचा मुलगा फेलिक्स आधीपासून राहत होता. बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापणारे ते हेच केरी. मिशनचं घर आयतं मिळालं, भाषा मात्र आयती मिळणार नव्हती. जडसन यांनी पंडित ठेवला आणि वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास बसून बर्मी शिकले, जोडीला पालीही. मला त्यांच्या प्रवचनांपेक्षा हे बसणं जास्त महत्त्वाचं वाटतं. १८१९ मध्ये त्यांनी श्वेडगोन पॅगोडाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक ‘झयात’ बांधला. झयात म्हणजे आपल्याकडच्या धर्मशाळेसारखा, येणाऱ्याजाणाऱ्याने टेकावं असा मांडव. चर्च उभारून लोकांची वाट पाहण्यापेक्षा लोक मुळात बसतात तिथे जाऊन बसायचं, हे शहाणपण यायला सहा वर्षं लागली. पहिल्या माणसाने, माउंग नॉ यांनी, बाप्तिस्मा घेतला तोही त्याच वर्षी.

पालीचा उपयोग कुठे झाला पाहा. बर्मीत ‘फया’ हा शब्द बुद्धाला, पॅगोडाला, राजालाही लागतो. बायबलाच्या बर्मी अनुवादात यहोवा या देवाच्या नावासाठी जडसन यांनी ‘थावर फया’ वापरलं. (बर्मी तोंडी त्याचा उच्चार बराच बदलतो.) हा ‘थावर’ पालीतला, आपल्या ‘स्थावर’चा सख्खा भाऊ. कायम असणारा, तो थावर.

१८२४ मध्ये इंग्रज-ब्रह्मी युद्ध पेटलं. जडसन अमेरिकन असले तरी त्यांचे पैसे एका इंग्रज व्यापाऱ्यामार्फत येत, तेवढ्यावर ते हेर ठरले. राजधानी आवाच्या तुरुंगात त्यांच्या पायांत बेड्या पडल्या. ॲन रोज अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवत होत्या. अनुवादाचं हस्तलिखित त्यांनी उशीत शिवून नवऱ्याकडे पोचवलं, इतकी ओबडधोबड उशी की कोणाला तिचा मोह होऊ नये. शेवटी ब्रह्मी दरबारालाच इंग्रजांशी बोलायला दुभाष्या हवा होता, तेव्हा कैद्याची आठवण झाली. फेब्रुवारी १८२६ मध्ये यांदाबोचा तह झाला. त्याच ऑक्टोबरात ॲन वारल्या. इकडे गॉर्डन हॉलही त्याच वर्षी मार्चमध्ये, नाशिक भागातल्या दौऱ्यात, पटकीने गेले होते.

पुढची कमाई जडसन यांनी ज्यांच्या भाषेसाठी आयुष्य घातलं त्या बर्मी बौद्धांत थोडीच झाली. मिशनला खरा प्रतिसाद दिला तो डोंगराळ भागातल्या करेन लोकांनी. पण १८४० मध्ये छापलेलं त्यांचं सुधारित बायबल बर्मी ख्रिस्ती आजही वाचतात, आणि त्यात देवाचं नाव अजून ‘थावर फया’च आहे.