‘मुलगाच आहे, बोलेल उशिरा’ : एक खुलासा

‘याचा बाबाही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, मुलगे उशिराच बोलतात.’ दोन वर्षांच्या मुलाची आई काळजीत असली की घरोघरी हेच ऐकू येतं, वर वेखंड उगाळून जिभेला लावायचा सल्लाही मिळतो. यात खरं एवढंच, की मुलगे सरासरी महिना-दोन महिने मागे असतात. वर्षभर नव्हे.

दीड वर्षाला काही शब्द, दोन वर्षांना पन्नासच्या आसपास शब्द आणि ‘आई, पाणी’, ‘बाबा गेला’ अशी दोन शब्दांची जोडी यायला हवी. काही मुलं पुढे आपोआप भरून काढतात, हे खरं. पण आपलं मूल त्यातलंच, हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

पहिली शंका घ्यायची ती कानाची. कुकरच्या शिट्टीला मूल वळतं म्हणून ऐकू नीट येतं, असं समजू नका. त्याला मोठे आवाज कळत असतील आणि बोलण्यातले ‘स’, ‘श’ निसटत असतील. घरी मागून हळू हाक मारून पाहा, पण त्यावर विसंबू नका. तपासणी करूनच घ्या.

घरात दोन भाषा असल्यानं वाचा अडत नाही. शब्द मोजताना दोन्हींतले धरा. मराठी मात्र सोडू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अनेक जिल्हा रुग्णालयांत अशा मुलांसाठी केंद्रं आहेत. आलेले शब्द गेले, तर त्याच आठवड्यात दाखवा.