व्हर्च्युअल मशीनमध्ये दिसणारा वेग खरा नसतो

व्हर्च्युअल मशीनमधील, म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी संगणकातील, नेटवर्क कार्डापुढे जो वेग दिसतो तोच प्रत्यक्षात मिळतो, हा समज कोल्हापुरात उद्यमनगरातील कारखान्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांतही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे व्हीएमएक्सनेट३ हे आभासी कार्ड सहसा १० जीबीपीएस (सेकंदाला १० गिगाबिट) दाखवते, मग खालच्या प्रत्यक्ष सर्व्हरला १ जीबीपीएसचेच पोर्ट का असेना, कारण तो आकडा कार्डाच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरने ऑपरेटिंग सिस्टिमला नुसता कळवलेला असतो, कोणी मोजलेला नसतो. लिनक्समधील व्हर्टआयओ हे असेच आभासी कार्ड बहुधा वेग अज्ञात असल्याचे कळवते, आणि हेच उत्तर त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणावे लागेल. एकाच सर्व्हरवर एकाच व्हर्च्युअल स्विचला (मशीन एकमेकांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधील स्विचला) जोडलेल्या दोन मशीनमधील माहिती तर मेमरीतूनच जाते, त्यामुळे तिथे दाखवलेला वेग ओलांडलाही जाऊ शकतो. नवा स्विच मागवण्यापूर्वी आयपर्फ३ या नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमने दोन्ही टोकांमधील वेग मोजावा.