सेंट ऑफ ९/११

न्यूयॉर्क शहराच्या अग्निशमन दलाचे धर्मगुरू फादर मायकल जज यांच्यावरील अमेरिकन माहितीपट (२००६). दिग्दर्शन ग्लेन होल्स्टन यांचे. निवेदन ब्रिटिश अभिनेते इयन मकेलन यांच्या आवाजात. ११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात फादर जज मृत्युमुखी पडले. शीर्षकातले संतपण लोकांनी बहाल केलेले आहे. कॅथलिक चर्चने त्यांना संत घोषित केलेले नाही.

त्यांच्या मृत्यूभोवती लगेच आख्यायिका तयार झाली. एका मृत जवानावर अंत्यसंस्काराची प्रार्थना म्हणण्यासाठी त्यांनी शिरस्त्राण काढले आणि तेवढ्यात ढिगारा कोसळला, असे सांगितले जाई. प्रत्यक्षात त्यानंतरही ते उत्तर मनोऱ्याच्या तळमजल्यावर प्रार्थना करत उभे असल्याचे चित्रण उपलब्ध आहे. सकाळी ९ वाजून ५९ मिनिटांनी शेजारचा दक्षिण मनोरा कोसळला आणि आत घुसलेल्या ढिगाऱ्याने त्यांचा बळी घेतला. खुर्चीवरून त्यांचा देह वाहून नेणाऱ्या पाच जणांचे छायाचित्र जगभर छापले गेले. मृतांच्या अधिकृत नोंदीत त्यांचा क्रमांक ०००१ आहे. मात्र ते पहिले मृत नव्हेत. मनोऱ्यांवर आदळलेल्या विमानांतील प्रवासी त्यांच्याआधीच गेले होते. मृत्यूची नोंद झालेला पहिला देह त्यांचा, एवढाच त्या क्रमांकाचा अर्थ.

माहितीपटाचे खरे बळ मात्र त्या दिवसाच्या आधीच्या आयुष्यात आहे. जज यांचा जन्म ११ मे १९३३ रोजी ब्रुकलिनमध्ये, आयर्लंडहून आलेल्या कुटुंबात झाला. सहाव्या वर्षी पितृछत्र हरपले. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशन या रेल्वे स्थानकापाशी बूटपॉलिश करणारा हा मुलगा जवळच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चमध्ये जाऊ लागला आणि पुढे संत फ्रान्सिस यांच्या परंपरेतल्या फ्रान्सिस्कन या कॅथलिक साधुसंघात दाखल झाला. १९६१ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. १९८६ पासून त्यांचा मुक्काम त्याच चर्चच्या मठात होता. समोरच अग्निशमन केंद्र. १९९२ मध्ये ते दलाचे धर्मगुरू झाले.

एड्सच्या रुग्णांना हात लावायलाही लोक कचरत, त्या १९८०च्या दशकात जज त्यांच्या उशाशी बसत, पाय चोळून देत. बेघरांना अंगावरचा कोट काढून देण्याच्या त्यांच्या सवयीच्या गोष्टी अनेकांनी सांगितल्या आहेत. १९९६ मध्ये टीडब्ल्यूए कंपनीचे ८०० क्रमांकाचे विमान कोसळून २३० जण ठार झाले, तेव्हा शोकग्रस्त कुटुंबांच्या सोबतीला ते कित्येक दिवस जात राहिले. स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेले असल्यामुळे व्यसनमुक्तीच्या बैठकांत ते उपदेशक नसत, त्यांच्यातलेच एक असत.

ते समलैंगिक होते आणि ब्रह्मचर्याचे व्रत पाळत. ही गोष्ट हयातीत निकटच्या मंडळींनाच माहीत होती. मृत्यूनंतर ती जाहीर झाली तेव्हा त्यांच्या काही चाहत्यांना रुचली नाही. माहितीपट ती झाकत नाही आणि तिचे भांडवलही करत नाही. स्नेही आणि सहकारी यांच्या आठवणींवर उभारलेल्या चित्रपटात चिकित्सेपेक्षा जिव्हाळा जास्त असणे साहजिक आहे. तरीही व्यसनासकट, एकाकीपणासकट माणूस दिसतो, हे मोठेच.

१५ सप्टेंबर २००१ रोजी त्यांच्या अंत्यविधीला हजारो लोक जमले. माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटनही आले होते. जज यांचे शिरस्त्राण पोप जॉन पॉल दुसरे यांना अर्पण करण्यात आले. मठासमोरच्या रस्त्याला आणि न्यूयॉर्कमधील एका प्रवासी बोटीला पुढे जज यांचे नाव देण्यात आले.