नकाशावर पडलेली फूट: अमेरिकेतल्या पहिल्या पक्षभेदाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षाचा उल्लेख नाही. पक्ष म्हणजे प्रजासत्ताकाला लागणारी कीड, असंच त्या पिढीतल्या बहुतेकांचं मत होतं. तरीही १७८९ मध्ये वॉशिंग्टन अध्यक्ष झाले आणि पाच-सहा वर्षांत फेडरलिस्ट आणि रिपब्लिकन असे दोन गट उभे राहिले. (आजचा रिपब्लिकन पक्ष वेगळा, तो १८५४ चा.) फेडरलिस्टांचे नेते हॅमिल्टन आणि रिपब्लिकनांचे नेते जेफरसन यांचं पटत नव्हतं म्हणून फूट पडली, असं आपण वाचतो. माझ्या मते दोघांच्या स्वभावापेक्षा कोण कुठे राहतो आणि कशावर पोट भरतो, याचा वाटा मोठा होता.

ठिणगी पडली कर्जावरून. स्वातंत्र्ययुद्धासाठी राज्यांनी काढलेली कर्जं केंद्राने अंगावर घ्यावीत, असं अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी १७९० मध्ये सुचवलं. मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलायना कर्जात बुडालेली, त्यांना हे हवंच होतं. व्हर्जिनियाने मात्र आपलं बरंचसं कर्ज फेडत आणलं होतं. आता दुसऱ्यांचं कर्ज आपण का फेडायचं, हा तिथला सवाल होता. त्यात सैनिकांना पगाराऐवजी दिलेले कागदी रोखे अडचणीपायी कवडीमोलाने विकले गेले होते आणि त्यातले पुष्कळसे उत्तरेकडच्या बंदरांतल्या व्यापाऱ्यांच्या हाती होते. हॅमिल्टन यांच्या योजनेत रोख्यांची पूर्ण किंमत या व्यापाऱ्यांनाच मिळणार होती. मूळ सैनिकालाही वाटा द्या, ही व्हर्जिनियाचे प्रतिनिधी मॅडिसन यांची मागणी सभागृहाने फेटाळली. शेवटी जूनमध्ये जेफरसन यांच्या घरी जेवणावर तडजोड ठरली: कर्ज केंद्राकडे, राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीच्या काठी. पुढच्याच वर्षी हॅमिल्टन यांच्या राष्ट्रीय बँकेचं विधेयक ३९ विरुद्ध २० मतांनी मंजूर झालं. विरोधातली जवळपास सगळी मतं दक्षिणेकडची होती.

पण भूगोल काय करतो हे पाहायचं तर पश्चिम पेनसिल्व्हेनियात जायला हवं. अ‍ॅलेघेनी डोंगराच्या पलीकडचा शेतकरी राय पिकवायचा. ते धान्य घोड्यावर लादून डोंगर ओलांडायचा, तर वाटखर्चही निघत नसे. म्हणून तो घरच्या भट्टीत व्हिस्की गाळायचा. तीच व्हिस्की मजुरीत द्यायची, तीच दुकानात चालायची. १७९१ मध्ये तिच्यावर अबकारी कर बसला, तोही रोखीत. नाणं तर त्या भागात हाताला लागणं मुश्किल. मोठ्या कारखानदाराला दर गॅलनमागे कमी पडे, छोट्याला जास्त. समन्स निघालं की हातातलं काम टाकून डोंगरापलीकडे फिलाडेल्फियाला जायचं. १७९४ मध्ये लोक पेटले, कर निरीक्षकाचं घर जाळलं गेलं. वॉशिंग्टन राज्यांची सुमारे १३,००० शिबंदी (नागरी सैनिक) घेऊन निघाले. लढाई झालीच नाही, पण डोंगरापलीकडचा माणूस फेडरलिस्टांना कायमचा दुरावला. जेफरसन यांच्या सरकारने १८०२ मध्ये तो कर उठवला.

या सगळ्याच्या तळाशी गुलामगिरी होती आणि ती बाजूला ठेवून हा इतिहास सांगताच येत नाही. १७९० च्या जनगणनेत सुमारे ३९ लाख लोकांपैकी जवळपास ७ लाख गुलाम होते. त्यांना मत नव्हतं. पण प्रतिनिधी किती, हे ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, असा हिशेब १७८७ मध्येच घटनेत घातला होता. त्याने दक्षिणेला जादा जागा आणि अध्यक्षाच्या निवडणुकीत जादा मतं मिळाली. १७९६ मध्ये न्यू इंग्लंडचं, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या ईशान्येकडच्या राज्यांचं, प्रत्येक निर्वाचक मत (अध्यक्ष निवडणाऱ्या राज्य-प्रतिनिधींचं मत) फेडरलिस्ट उमेदवार जॉन अ‍ॅडम्सना पडलं आणि ते जेफरसन यांच्याविरुद्ध ७१ विरुद्ध ६८ असे जेमतेम जिंकले. १८०० मध्ये जेफरसनना ७३ आणि अ‍ॅडम्सना ६५ मतं मिळाली. हे अंतर पाचास तीनच्या हिशेबामुळेच पडलं, असं अनेक इतिहासकार मांडतात.

पुढे जेफरसन यांनी १८०७ मध्ये परदेशी व्यापार बंद केला, मग ब्रिटनशी १८१२ चं युद्ध आलं, आणि न्यू इंग्लंडच्या बंदरांत जहाजं नुसती उभी राहिली. एकेकाळी बळकट केंद्र मागणारे फेडरलिस्ट आता राज्यांच्या हक्कांची भाषा बोलू लागले. डिसेंबर १८१४ मध्ये त्यांचे प्रतिनिधी न्यू इंग्लंडमधल्या हार्टफर्डला बंद दाराआड जमले. त्यांनी सुचवलेल्या घटनादुरुस्त्यांपैकी पहिलीच होती: जागा वाटताना फक्त स्वतंत्र माणसं मोजा.