दुधाचा दात पडतच नाही: नवा दात अडकलाय, की मुळात नाहीच?

वेळ उलटूनही दुधाचा दात घट्ट बसून असेल, तर कारणं दोन असू शकतात. कायमचा दात जबड्यात तयार आहे, पण वाट चुकून हाडात अडकलाय. किंवा त्याचा अंकुर कधी धरलाच नाही. वरून पाहिलं तर दोन्ही सारखंच दिसतं. उपचार मात्र जवळजवळ उलटे, म्हणून एक्स-रे न काढता दात उपटायचा आग्रह आईवडिलांनी कृपा करून धरू नये.

दात कोणता, यावरूनच बराच अंदाज येतो. अक्कलदाढा सोडल्या तर अडकतो तो मुख्यतः वरचा सुळा. मुळातच नसतात ते बहुधा खालची दुसरी उपदाढ (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्यामधली छोटी दाढ) आणि वरच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा पटाशीचा दात. सुळा जन्मतःच नसणं फार विरळ. त्यामुळे तेराव्या वर्षीही तो दिसत नसेल, तर आत आहे असं धरूनच शोधावा. खरं तर दहाव्या वर्षापासून डॉक्टर हिरडीवरचा त्याचा उंचवटा बोटाने चाचपतात. सुळा टाळूकडे वळत असेल, तर दुधाचा सुळा वेळीच काढल्यावर तो अनेकदा आपणहून वाटेवर येतो. उशीर झाला की शस्त्रक्रिया करून ब्रेसेसने ओढावा लागतो.

उपदाढ नसेल तर मात्र तिच्या जागी असलेली दुधाची दाढ बहुतेक वेळा जपायची. मुळं शाबूत असली आणि कीड नसली, तर ती चाळिशीपर्यंतही साथ देते. घाईने काढली तर हाड झिजतं, शेजारचे दात कलतात, आणि वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांटही (हाडात रोवलेला कृत्रिम दात) बसवता येत नाही. पण 7 वर्षांच्या मुलाचा ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) पाहून ‘दात नाहीच’ असा निकाल देऊ नये. या उपदाढेचा अंकुर कधीकधी नवव्या वर्षापर्यंत दिसत नाही.

दोन्ही प्रकार एकाच तोंडातही भेटतात. वरच्या मोठ्या दातांशेजारचा तो पटाशीचा दात नसेल किंवा खुंटीसारखा बारीक असेल, तर सुळा टाळूत अडकण्याची शक्यता वाढते.

दात नसणं बरेचदा घराण्यात चालतं. पीएएक्स9, एमएसएक्स1 ही त्यातली ओळखीची जनुकं. म्हणून आत्या-मामांना विचारा, भावंडांचेही दात तपासून घ्या. अक्कलदाढा सोडून 6 किंवा अधिक दात नसतील, केस विरळ असतील आणि मुंबईच्या मे महिन्यातही मुलाला घाम येत नसेल, तर प्रश्न एकट्या दातांचा नाही. अशा मुलाला बालरोगतज्ज्ञांकडेही न्यायला हवं, कारण घाम न आल्याने अंग धोकादायकरीत्या तापू शकतं. मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात किंवा सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. जाताना जुने एक्स-रे सोबत न्या.