दोन डोस झाले, आता लोकलचा पास: पात्रता, कागद आणि खिडकीपर्यंतचा रस्ता

तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी 8 ऑगस्ट 2021 च्या रविवारी रात्री जाहीर केलं की कोरोना लशीचे दोन डोस झालेल्यांना 15 ऑगस्टपासून मुंबईची लोकल खुली होणार, आणि सोमवारी सकाळपासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागला: पास नक्की काढायचा कुठे? कोणी म्हणे वॉर्ड ऑफिसात, कोणी म्हणे स्टेशनवर, तर कोणी सायबर कॅफेवाल्याला दोनशे रुपये देऊन मोकळं झालेलं. आधी हे सांगून टाकतो की युनिव्हर्सल पास, म्हणजे लोकलमध्ये बसण्याची सरकारी परवानगी, फुकट होता. पैसे लागत ते फक्त रेल्वेच्या मासिक पासाला. पुढची माहिती ऑगस्ट 2021 च्या तिसऱ्या आठवड्यातली, तेव्हाच्या नियमांची आहे. ते नियम आता लागू नाहीत.

सगळा घोळ होतो तो दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच "पास" म्हणतो म्हणून. एक आहे परवानगी. ती राज्य सरकार देतं आणि ती सांगते की या माणसाचे दोन्ही डोस झालेत, याला लोकलमध्ये बसू द्या. दुसरा आपला नेहमीचा मासिक पास, जो रेल्वे विकते. परवानगी दाखवल्याशिवाय खिडकीवर मासिक पास मिळत नाही आणि नुसती परवानगी खिशात ठेवून गाडीत चढलात तर तुम्ही विनातिकीट. आमच्या ओळखीतले एक काका मोबाइलवरचा क्यूआर कोड टीसीसमोर धरून उभे राहिले आणि दंड भरून घरी आले. त्यांना वाटलं होतं, सरकारने प्रवासच फुकट केला.

पात्र कोण?

अट दोन ओळींची होती: लशीचे दोन्ही डोस आणि दुसऱ्या डोसानंतर पूर्ण 14 दिवस. म्हणजे 15 ऑगस्टला गाडीत बसायचं तर दुसरा डोस 1 ऑगस्टला किंवा त्याआधी झालेला हवा. ऐकायला सोपं आहे, पण बहुतेकांचं गणित पहिल्या डोसावर अडलंय. 13 मे रोजी कोव्हिशिल्डचं अंतर 12 ते 16 आठवडे झालं, म्हणजे कमीत कमी 84 दिवस. तुम्ही 15 जूनला पहिला डोस घेतला असेल, तर दुसरा लवकरात लवकर 7 सप्टेंबरला, त्यावर 14 दिवस धरले की 21 सप्टेंबर उजाडतो. कोव्हॅक्सिनवाल्यांचं अंतर 28 दिवसांचं असल्याने ते जवळपास दोन महिने आधी मोकळे होतात. एकाच ऑफिसात शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी एक लोकलने येतो नि दुसरा अडीच तास बस बदलत येतो, ते याच फरकामुळे.

18 वर्षांखालच्यांना ऑगस्ट 2021 मध्ये लसच नव्हती, म्हणून त्यांना पासही नव्हता. डॉक्टरांनीच लस घेऊ नका म्हणून सांगितलेल्या माणसांसाठीही या व्यवस्थेत सोय दिसत नव्हती, आणि ही मला उणीव वाटली. शासकीय आणि रुग्णालयीन कर्मचारी, अत्यावश्यक सेवेतले लोक आपापल्या ओळखपत्रांवर आधीपासून प्रवास करतच होते, त्यांना या रांगेत येण्याचं कारण नव्हतं. एकच डोस झालेल्यांनी मात्र कृपया स्टेशनवर जाऊ नये. तिथे कोणी "बघू काही होतं का" म्हणणारं नाही आणि रांग तेवढी लांबते.

आधी सर्टिफिकेट नीट वाचा

माझं ठाम मत आहे की अर्ज भरायला पाच मिनिटं लागतात, पण सर्टिफिकेट दुरुस्त करायला पाच दिवस जातात. म्हणून लिंक उघडण्याआधी कोविनवरचं, म्हणजे केंद्र सरकारच्या लसनोंदणी पोर्टलवरचं, प्रमाणपत्र डाऊनलोड करून वाचा. कोविनचं संकेतस्थळ, आरोग्य सेतू, डिजिलॉकर, यांपैकी कुठूनही ते मिळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर सोपं वाटत असेल तर केंद्र सरकारच्या माय गव्ह कोरोना हेल्पडेस्कचा क्रमांक 9013151515 होता.

पहिली गोष्ट बघायची ती हे प्रमाणपत्र अंतिम आहे का. पहिल्या डोसानंतर मिळतं ते तात्पुरतं, ते चालत नाही. आणि इथेच एक विचित्र प्रकार बऱ्याच घरांत निघतोय: डोस दोन, पण हातात पहिल्या डोसाची दोन तात्पुरती प्रमाणपत्रं! दुसऱ्या वेळी केंद्रावर वेगळा मोबाइल नंबर किंवा वेगळं ओळखपत्र दिलं गेलं, समोरच्याने नवी नोंदणी केली आणि कोविनच्या लेखी तुम्ही दोन वेगळी माणसं झालात. आमच्या सासूबाईंचं हेच झालं. पहिला डोस माझ्या नंबरवर, दुसरा मेव्हण्याच्या. कोविनवर लॉगिन करून "रेझ अ‍ॅन इश्यू" या पर्यायात गेलं की दोन प्रमाणपत्रं एकत्र करण्याची विनंती टाकता येते.

दुसरी गोष्ट नाव. नावाच्या स्पेलिंगमधली चूक, जन्मवर्ष आणि लिंग या तिन्हींतल्या चुका त्याच "रेझ अ‍ॅन इश्यू"मधून दुरुस्त होतात, पण तिन्हींपैकी दोनच आणि तेही एकदाच. घाईत अर्धी दुरुस्ती करून सबमिट दाबलंत तर पुन्हा संधी नाही. लग्नानंतर आधार बदललेलं नाही, पॅनकार्ड मात्र नव्या नावाचं, अशा बायकांनी विशेष लक्ष द्यावं.

तिसरी, प्रमाणपत्रावर तुम्ही लशीच्या वेळी दिलेल्या ओळखपत्राचा प्रकार आणि त्याचे शेवटचे आकडे छापलेले असतात. तेच ओळखपत्र बरोबर घ्या. लस आधारवर घेतली आणि पडताळणीला वाहन परवाना नेला, तर नियमाने चूक नसली तरी समोरच्याला दोन गोष्टी जुळवत बसाव्या लागतात. सकाळी आठला मागे तीस माणसं उभी असताना हे कोणालाच नको असतं.

घरबसल्या काढायचा असेल तर

राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी महाआयटी या राज्य सरकारच्या आयटी कंपनीने केलेल्या संकेतस्थळावर जायचं, पत्ता ईपासएमएसडीएमए डॉट महाआयटी डॉट ऑर्ग. तिथे दोन्ही डोस झालेल्या नागरिकांसाठीच्या युनिव्हर्सल पासची लिंक दिसते. त्यात मोबाइल नंबर टाकायचा, आणि तो लशीच्या नोंदणीचाच हवा, हल्ली वापरता तो नव्हे. कोविनवर तेव्हा एका नंबरवर चौघांची नोंदणी होत होती, त्यामुळे आई-वडिलांचा पास बहुधा मुलाच्या किंवा सुनेच्या नंबरवरून काढावा लागे. त्या नंबरवर ओटीपी येतो, तो टाकला की नोंदणी झालेली नावं समोर येतात. आपल्या नावापुढे पास तयार करण्याचं बटण दाबलं की नाव, डोसांच्या तारखा वगैरे आपोआप भरलेलं दिसतं. तुम्ही द्यायचा तो फक्त फोटो. गॅलरीतला चालतो, तिथेच काढलेला सेल्फीही चालतो. गॉगल लावलेला, लग्नातला, शेजारच्याचं अर्धं डोकं आलेला फोटो देऊ नका, कारण पास तपासणारा माणूस तुमच्या चेहऱ्याशी तोच ताडून बघणार आहे.

साधारण 48 तासांत एसएमएसने लिंक येते. ती उघडून पास मोबाइलमध्ये जतन करून ठेवा. कोणताही कागद अपलोड करावा लागत नाही, कारण माहिती थेट कोविनवरून उचलली जाते. सर्टिफिकेट आधी दुरुस्त करा म्हणून मी इतका आग्रह धरतोय तो यासाठीच. तिथली चूक जशीच्या तशी पासावर उतरते.

स्मार्टफोन नसेल तर

11 ऑगस्टच्या बुधवारपासून स्टेशनांवर मदत कक्ष सुरू झाले. मुंबई महापालिकेच्या हद्दीतली 53 आणि संपूर्ण महानगर प्रदेशातली 109 स्थानकं त्यात होती, वेळ सकाळी 7 ते रात्री 11. नेण्याचे कागद दोन: अंतिम लस प्रमाणपत्राची छापील प्रत आणि फोटो असलेलं ओळखपत्र, मुळातलं आणि त्याची झेरॉक्स. कर्मचारी प्रमाणपत्र कोविनवर पडताळतात आणि प्रतींवर शिक्का मारतात. तो शिक्क्याचा कागद घेऊन तिकीट खिडकीवर जायचं. घराजवळच्याच स्टेशनवर जा. दादरला गर्दी असते, तिथे काम लवकर होईल हा समज सोडा. पहिल्या दोन दिवसांची झुंबड ओसरल्यावर मी दुपारी तीनला गेलो, पंधरा मिनिटांत सुटलो. बनावट प्रमाणपत्र दाखवणाऱ्यावर पोलिसांत गुन्हा दाखल होणार असल्याचं प्रशासनाने सांगितलंय.

हा सगळा अधिकार येतो कुठून, असंही काहीजण विचारतात. आधार आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 आणि साथरोग कायदा 1897 यांचा आहे. यातला दुसरा कायदा मुंबई-पुण्यातल्या प्लेगच्या वेळचा. तेव्हाही रेल्वे स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून तपासत असत. सव्वाशे वर्षांनी स्टेशनवर पुन्हा टेबलखुर्ची लागलीय, इतकंच.

तिकीट खिडकीवर

ऑगस्ट 2021 मध्ये मिळत होता तो फक्त मासिक पास. एकेरी किंवा परतीचं तिकीट या योजनेत नव्हतं. मोबाइलवरच्या यूटीएस या रेल्वेच्या तिकीट अ‍ॅपवरूनही निघत नव्हता, खिडकीवरच जावं लागत होतं. रोज जाणाऱ्याला हे ठीक होतं. पण महिन्यातून दोनदा केईएम रुग्णालयात तपासणीसाठी जाणाऱ्या आजोबांनी महिन्याभराचा पास का काढावा, याचं उत्तर मला तरी सापडलेलं नाही. 22 एप्रिलपासून सामान्य माणसासाठी लोकल बंदच होती, त्यापेक्षा हे बरं, एवढंच समाधान.

मॉलमध्ये शिरतानाही 15 ऑगस्टपासून दोन डोस आणि 14 दिवसांची हीच अट होती, तिथे हाच पास दाखवता येत होता. 18 वर्षांखालच्यांना मॉलसाठी वयाचा पुरावा पुरत होता.

गाडीत तीन गोष्टी हाताशी असू द्या: मासिक पास, मोबाइलवरचा युनिव्हर्सल पास किंवा शिक्क्याचा कागद, आणि फोटो ओळखपत्र. आणि मास्क नाकावर. रेल्वेच्या हद्दीत मास्क नसेल तर 500 रुपयांपर्यंत दंड होता, दोन डोस झालेल्यांनासुद्धा.