कीर्तनाच्या मांडवातून पडद्यावर: मराठी सिनेमातल्या सत्त्वपरीक्षेची पार्श्वभूमी

मध्य रेल्वेवर डोंबिवलीनंतर ठाकुर्ली, आणि मग कल्याण. इतक्या जवळच्या डोंबिवली आणि कल्याण या दोन गावांतल्या दोन माणसांवर मराठीत दोन गाजलेले चित्रपट झाले. निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट'मधला (२००५) माधव आपटे कल्पनेतला. बँकेत नोकरी करणारा, नियमाने वागणारा, आणि आजूबाजूचं कुणीच नियमाने वागत नाही हे रोज सोसणारा. समीर विद्वांस यांच्या 'आनंदी गोपाळ'मधली (२०१९) आनंदीबाई मात्र खरी. कल्याणात यमुना जोशी म्हणून वाढलेली, नवव्या वर्षी लग्न झालेली, आणि १८८६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेली.

ठाण्यात किंवा वाशीत चार माणसं जमली आणि धैर्याच्या, सचोटीच्या सिनेमांचा विषय निघाला, की हल्ली गप्पा चरित्रपटांवर येऊन थांबतात. टिळक झाले, बालगंधर्व झाले, प्रकाश आमटे झाले, ठाणेकरांच्या जिव्हाळ्याचा 'धर्मवीर: मुक्काम पोस्ट ठाणे' २०२२ साली आला. ही लाट गेल्या दहा-पंधरा वर्षांतली आहे हे खरं. पण असा सिनेमा बघायची आपली सवय फार जुनी आहे, आणि माझ्या मते ती सिनेमाच्याही आधीची आहे. ती कीर्तनाने लावली.

नारदीय कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण, उत्तररंगात त्याच सूत्रावर आख्यान. ठाण्याचं कौपिनेश्वर घ्या, डोंबिवलीचं गणेश मंदिर घ्या, देवळाच्या सभामंडपात बसून आख्यान ऐकलेली माणसं आजही प्रत्येक घरात सापडतील. हरिश्चंद्र, ध्रुव, प्रल्हाद, तुकोबा. गोष्ट सगळ्यांना आधीच ठाऊक असते, तरी डोळे भरून येतात, कारण पुढे काय होणार यापेक्षा हा माणूस अजून किती सोसणार याकडे ऐकणाऱ्याचं लक्ष असतं. आख्यानातला नायक समोरच्याला लोळवून मोठा होत नाही. तो दिलेला शब्द सोडत नाही, म्हणून मोठा होतो. आणि त्या शब्दाची किंमत तो एकटा मोजत नाही. हरिश्चंद्राचं सत्य राखलं गेलं ते तारामती आणि रोहिदास विकले गेल्यावर. चांगला हरिदास, म्हणजे कीर्तनकार, आख्यान रंगवताना सगळ्यात जास्त वेळ तिथे थांबतो.

दादासाहेब फाळक्यांनी पहिल्या चित्रपटासाठी हीच कथा घेतली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यामागचं घरचं चित्र पाहिलं तर आख्यानच पुन्हा घडत होतं असं वाटतं. सरस्वतीबाईंचे दागिने गेले. घरातलं सगळं सांभाळून त्यांनी कंपनीतल्या लोकांचा स्वयंपाक केला आणि कच्च्या फिल्मला भोकं पाडण्याचं किचकट कामही शिकून घेतलं. पडद्यावरचा रोहिदास म्हणजे फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ने (२००९) हा सगळा खटाटोप हसतखेळत दाखवला आणि तो भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला. पहिल्या भारतीय चित्रपटाचं अर्धं श्रेय स्वयंपाकघरातल्या बाईला द्यायला हवं, हे त्या चित्रपटामुळे अनेकांना पहिल्यांदा जाणवलं.

पुढचा मोठा टप्पा प्रभातचा. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली आणि तिथे संतपटांचा काळ सुरू झाला. व्ही. शांताराम यांचा 'धर्मात्मा' (१९३५) एकनाथांवर, भूमिकेत बालगंधर्व. त्याचं मूळ नाव 'महात्मा' होतं. अस्पृश्यता मोडणाऱ्या संताच्या चित्रपटाला हे नाव म्हणजे सरळ गांधीजींकडे बोट, म्हणून सेन्सॉरला ते खपलं नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या संताची गोष्ट इंग्रज सरकारला चालू राजकारण वाटली, यावरून या कथा त्या वेळी किती जिवंत होत्या ते कळतं.

आणि मग १९३६ चा 'संत तुकाराम'. दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकोबा. मुंबईत तो एकाच थिएटरात वर्षाहून जास्त काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पागनिसांचे डोळे आणि त्यांचा आवाज याविषयी भरपूर लिहिलं गेलंय. मला त्या चित्रपटात तुकोबांची बायको आवली जास्त दिसते. गौरी नावाच्या नटीने ती केली आहे. घरात दाणा नाही, नवरा आलेलं सगळं वाटून टाकतो, आणि पोर आजारी. तेव्हा ही बाई एका हाताने पोराला ओढत, दुसऱ्या हातात पायताण घेऊन थेट देवळात शिरते आणि विठोबालाच जाब विचारते. चित्रपट तिला कजाग ठरवत नाही. तिचा राग खरा आहे, तिचं प्रेमही खरं आहे, आणि तुकोबांचं मोठेपण तिच्या रागामुळे उणावत नाही. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात, आवली संसारात राहते. आजच्या चरित्रपटांतल्या बायका दारात उभं राहून नवऱ्याला ओवाळताना दिसतात तेव्हा मला हमखास ही आवली आठवते.

स्वातंत्र्यानंतर आचार्य अत्र्यांनी हा धागा उचलला. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. पुस्तकाचा घाटच बघा: आश्रमातली मंडळी रोज रात्री जमतात आणि श्याम आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे पुन्हा आख्यानच, फक्त देवळाऐवजी आश्रम आणि राजाऐवजी कोकणातली एक गरीब आई. अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा, वनमाला आई आणि माधव वझे श्याम. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळालं. आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो, आई ओच्याने त्याचे तळवे पुसते, आणि पायांना जपतोस तसंच मनालाही जप म्हणते. या प्रसंगावर मराठी घरांतल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. मुलगा पोहायला घाबरतो म्हणून त्याला फटके देऊन विहिरीवर धाडणारीही हीच आई, हे मात्र लोक विसरतात. २०२३ साली सुजय डहाके यांनी ही कथा पुन्हा पडद्यावर आणली, तीही कृष्णधवल.

अत्र्यांचा पुढचा चित्रपट 'महात्मा फुले' (१९५४). बाबुराव पेंढारकर जोतीराव आणि सुलोचनाबाई सावित्रीबाई. माझं कीर्तनाचं म्हणणं कुणाला ओढूनताणून आणलेलं वाटत असेल, तर त्याने या चित्रपटाची सुरुवात पाहावी. तिथे प्रत्यक्ष गाडगेबाबा कीर्तन करताना दिसतात. समाजसुधारकाची कथा सांगायला अत्र्यांना हेच दार सगळ्यात जवळचं वाटलं. आणि वाटणारच, कारण महाराष्ट्रात धाडसाच्या कथा तेव्हा याच वाटेने फिरत होत्या. चाफेकर बंधूंचे वडील कीर्तनकार, आणि मुलं त्यांच्या कीर्तनात साथीला. त्या भावांवरचा '२२ जून १८९७' हा चित्रपट १९७९ चा.

सत्तरच्या दशकात मात्र सूर बदलला. जब्बार पटेलांच्या 'सामना'त (१९७५) सत्त्वपरीक्षा देणारा माणूस दारू पितो, भणंग आहे, त्याचं आयुष्य मागेच मोडून पडलंय. डॉ. श्रीराम लागूंचा हा मास्तर निळू फुल्यांच्या साखरसम्राटासमोर एकच प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? पटकथा विजय तेंडुलकरांची. मास्तराकडे बळ नाही, पैसा नाही, पक्ष नाही. प्रश्न सोडायचा नाही एवढंच त्याच्या हातात आहे. मारुती कांबळेचं हे वाक्य पुढे मराठीत इतकं रुळलं की चित्रपट न पाहिलेली माणसंही ते वापरतात. मराठीत सचोटीवरचा सगळ्यात धारदार चित्रपट मी यालाच म्हणेन. पटेलांच्याच 'उंबरठा'त (१९८२) स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमाचं काम हाती घेऊन घराबाहेर पडते. इथे आख्यान उलटं फिरलं. आतापर्यंत पुरुष व्रत घ्यायचा आणि घर किंमत मोजायचं. आता बाईने व्रत घेतलं, तर घर तिच्यासाठी थांबलं नाही.

ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत विनोदी चित्रपटांची चलती होती. तिथे थांबायचं फारसं कारण नाही.

२००४ चा 'श्वास' हे मोठं वळण. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मराठीत परत यायला पन्नास वर्षं लागली. संदीप सावंत यांच्या या चित्रपटात कोकणातले आजोबा नातवाला शहरात आणतात आणि कळतं की त्याच्या डोळ्यांना कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर डोळे जाणार. अरुण नलावडेंचे आजोबा मग त्या पोराला इस्पितळातून बाहेर घेऊन जातात, दिसतंय तोवर शहर दाखवायला. इथे कुणी कुणाला हरवत नाही, रोग तर नाहीच हरत. तरी धैर्यावरच्या चित्रपटांत मी याला फार वर ठेवतो. ऑस्करला पाठवल्यावर प्रचारासाठी पैसे कमी पडले, तेव्हा साध्या प्रेक्षकांनी वर्गणी काढली. प्रेक्षकाला तो चित्रपट आपल्या घरातला वाटला होता.

वर्षभराने 'डोंबिवली फास्ट' आला. संदीप कुलकर्णींच्या आपटेचं तेच उठणं, तोच डबा, तीच गाडी, तीच बँक, हे चित्रपट सुरुवातीलाच इतक्या वेळा फिरवून दाखवतो की आपलाच जीव घुसमटतो. ठाणे जिल्ह्यातला चाकरमानी यात स्वतःला ओळखणारच. पण परंपरेच्या दृष्टीने खरी घटना पुढे घडते. नियम मोडणारे बघून बघून हा सज्जन हातात बॅट घेतो. हरिश्चंद्र ते श्यामची आई या वाटेवर सोसणं हाच पुरुषार्थ होता. आपटेने तो करार मोडला, आणि चित्रपट त्याला विजय देत नाही, त्याचा बळी जातो. थिएटरात टाळ्या पडल्या त्या बॅटला. मला वाटतं कामतांना टाळ्यांनंतरची शांतता हवी होती.

आता कल्याणकडे. आनंदीबाईंची कथा पडद्यावर यायला फार वळणं घेत आली. काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं, श्री. ज. जोशींनी १९६८ साली कादंबरी लिहिली, त्यावर नाटक झालं, आणि मग चित्रपट. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहाच दिवसांत गेलं, आणि डॉक्टर व्हायचा निश्चय तिथे पक्का झाला. १८८३ साली त्या एकट्या बोटीने कलकत्त्याहून निघाल्या. पदवी घेऊन परतल्या, कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही ठरली होती, पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. एकाही दिवसाची नोकरी झाली नाही.

या कथेत गोपाळराव नेहमी हट्टी पण द्रष्टे नवरे म्हणून येतात, आणि त्यांच्याशिवाय ती शिकली नसती हे निर्विवाद. पण आनंदीबाईंनीच अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण आहे. मीरा कोसंबी यांनी हा पत्रव्यवहार नीट वाचून मांडला. तो वाचल्यावर आनंदीबाईंचं धैर्य मला दुप्पट वाटतं: समाजाशी लढणं एक, आणि जो हात शिकवतो तोच मारतो हे गिळून शिकत राहणं दुसरं. आवलीच्या हाती पायताण देण्याइतका मोकळेपणा १९३६ च्या चित्रपटाकडे होता. आजच्या चरित्रपटाने आनंदीबाईंच्या पत्रांपर्यंत पोचायला काय हरकत आहे?

चरित्रपटांच्या सध्याच्या लाटेवर माझी तक्रार एवढीच आहे. ढोल वाढले, घर आकसलं. नायक मोठा दाखवायचा म्हणून त्याच्यासाठी ज्यांनी सोसलं ते मागे ढकलले जातात, आणि मग नायकाचं सोसणंही पोकळ वाटू लागतं.

खाडीच्या पलीकडे अशी एक कथा कधीची उभी आहे. १९७० साली सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. आगरी, कोळी, कराडी कुटुंबांची भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उठले, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान फाटा आणि नवघर परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ शेतकऱ्याला परत देण्याची योजना याच लढ्यातून आली. हुतात्म्यांना दरवर्षी जासईत आदरांजली वाहिली जाते.

यावर चित्रपट करणाऱ्याला दि. बां.ची भाषणं मिळतील, सरकारी निर्णय मिळतील, वर्तमानपत्रांची कात्रणं मिळतील. त्याने आधी या पाच घरांत जावं असं मला वाटतं. गेलेल्याची भातलावणी त्या वर्षी कुणी केली, पोरांच्या शाळेचं काय झालं, मोर्चाला निघताना घरात कोण नको म्हणालं होतं, हे कागदावर कुठेच नसतं. १९८४ साली पंचविशीत असलेली माणसं आता पासष्टीच्या पुढे आहेत. चित्रपट पुढे केव्हाही होईल. कॅमेरा नसला तर मोबाइल घेऊन जावं, पण त्यांचं बोलणं याच वर्षी नोंदवून ठेवावं.